दुर्गमतेचा हिशेब : हलकाऱ्यापासून तंबूतल्या डिशपर्यंत

‘दुर्गम’ हा शब्द आपण भूगोलाचा मानतो. जिथे जाणे कठीण ते दुर्गम, असे त्याची व्युत्पत्तीही सांगते. परंतु दूरच्या मुलखात गेलेल्या माणसांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. दुर्गमतेचे खरे माप कोसांत किंवा किलोमीटरांत नसून, तिथला निरोप बाहेर यायला आणि बाहेरचा निरोप तिथे जायला जो वेळ लागतो त्या वेळात असते. आज सव्वा किलोहून हलकी डिश पाठपिशवीत टाकून कोणी वाळवंटात किंवा पर्वतात तंबू ठोकतो आणि काही मिनिटांत जगाशी बोलू लागतो. तेव्हा भूगोल जागच्या जागी राहतो, बदलतो तो हा वेळ. ह्या वेळेच्या आकुंचनाचा इतिहास कसा घडला, आणि तो घडताना प्रवासाविषयीच्या लेखनाचे व दुर्गम भागात राहणाऱ्यांचे काय झाले, ह्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आरंभ आपल्या परिचयाच्या पुस्तकापासून करू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य ह्यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी दूरदेशी गेलेल्या माणसाची खुशाली घरी कळण्याचे मार्ग मोजके होते. एक तर पत्र, नाही तर त्या बाजूने आलेला वाटसरू. मात्र ह्याच १८५७ सालच्या ११ मे रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला तार गेली आणि मीरतहून शिपाई दिल्लीत आल्याची बातमी इंग्रज अधिकाऱ्यांना त्याच दिवशी समजली. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच घटनेच्या संदर्भात निरोपाचे दोन वेग नांदत होते. राज्यकर्त्यांचा वेग विजेचा, तर भिक्षुकाचा पायांचा. दुर्गमता ही अशी पहिल्यापासूनच विषम वाटलेली गोष्ट आहे. एकच जागा एकाला दूर असते, दुसऱ्याला जवळ.

ह्या विलंबाने वाङ्मयाला काय दिले, हे पाहायचे तर दक्षिण ध्रुवाकडे जावे लागेल. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचले. ही वार्ता जगाला कळली ती ७ मार्च १९१२ रोजी त्यांचे जहाज टास्मानियातील होबार्ट बंदरात आल्यानंतर, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनी. रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचले आणि मार्चअखेरीस परतीच्या वाटेवर तंबूतच मरण पावले. तो तंबू शोधपथकाला सापडला १२ नोव्हेंबर १९१२ रोजी, आणि बातमी न्यूझीलंडमधून तारेने बाहेर पडली १० फेब्रुवारी १९१३ रोजी. त्यांची पत्नी कॅथलीन पतीला भेटायला म्हणून न्यूझीलंडच्या दिशेने समुद्रप्रवास करत होती. १४ फेब्रुवारीला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये स्कॉट ह्यांच्यासाठी शोकप्रार्थना झाली, तेव्हा तिला काहीच ठाऊक नव्हते. १९ फेब्रुवारीला प्रशांत महासागरात बिनतारी संदेश जहाजावर आला आणि कप्तानाने तिला तो सांगितला. जे सगळ्या जगाला कळले ते सर्वांत जवळच्या व्यक्तीला सर्वांत उशिरा कळले.

स्कॉट ह्यांची रोजनिशी आज प्रवासवाङ्मयातील एक थोर दस्तऐवज मानली जाते. तिच्या थोरवीचे एक कारण तिच्या एकाकीपणात आहे. लिहिणाऱ्याला माहीत होते की हे शब्द कोणी वाचले तर आपल्या पश्चात वाचील. प्रत्युत्तराची शक्यता नसलेल्या जागेवरून केलेले ते लेखन आहे. नेहमीच्या प्रवासवर्णनाची घडण उलट असते. प्रवासी घरी परततो, मग लिहितो. शेवट त्याला ठाऊक असतो आणि वाचकालाही एवढे ठाऊक असते की लेखक जिवंत परतला आहे. दोन्ही प्रकारांना विलंबाचीच गरज होती. एकाला अंतहीन विलंबाची, दुसऱ्याला आठवणी मुरायला लागणाऱ्या विलंबाची.

विलंब लवकरच कमी होऊ लागला. डग्लस मॉसन ह्यांच्या १९११ ते १९१४ च्या ऑस्ट्रेलियन मोहिमेने अंटार्क्टिकातून पहिल्यांदा बिनतारी संदेश पाठवले. त्यासाठी वाटेतील मॅक्वारी बेटावर मधले ठाणे उभारावे लागले होते. तथापि बिनतारी यंत्र आले म्हणून पायांचे काम संपले, असे झाले नाही. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर जेम्स मॉरिस मोहिमेबरोबर होते. प्रतिस्पर्ध्यांच्या हाती बातमी लागू नये म्हणून त्यांनी सांकेतिक भाषा ठरवून ठेवली होती. बर्फाची स्थिती वाईट आहे, असे लिहिले की शिखर सर झाले असे समजायचे, आणि पुढच्या शब्दांतून कोण पोचले ते ओळखायचे. हा कागद घेऊन हलकारा नामचे बाजारपर्यंत धावत गेला. तिथल्या भारतीय ठाण्याच्या बिनतारी यंत्रावरून तो काठमांडूला आणि तिथून लंडनला पोचला. २ जून रोजी, राणी एलिझाबेथ ह्यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी सकाळी, बातमी छापली गेली. चार दिवसांच्या ह्या प्रवासात शेर्पा हलकाऱ्याचे पाय, भारतीय ठाण्यातले यंत्र आणि राजदूतावास, सगळेच होते. पुस्तकांनी पायांची नोंद सर्वांत कमी घेतली, हेही नमूद करायला हवे.

ह्या साखळीतील जमिनीवरचे दुवे गाळून टाकण्याची कल्पना तोपर्यंत कागदावर उतरली होती, आणि ती उतरवणारा पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजला. आर्थर सी. क्लार्क ह्यांनी ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एक लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि म्हणून आपल्याला आकाशात स्थिर भासतो. असे तीन उपग्रह ठेवले की जवळजवळ सर्व पृथ्वीवर संदेश पोचवता येईल, हे त्यांचे प्रतिपादन होते. वीस वर्षांच्या आत, एप्रिल १९६५ मध्ये, ‘अर्ली बर्ड’ हा व्यापारी दळणवळण उपग्रह अशा कक्षेत गेला. परंतु इतक्या दूरच्या उपग्रहाचा क्षीण संदेश पकडायला जमिनीवर प्रचंड तबकडी लागत असे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये उभे राहिलेले भूकेंद्र ह्याचे आपल्याकडील उदाहरण होय. तिथली तबकडी सुमारे तीस मीटर व्यासाची होती. पुढे त्या केंद्राला विक्रम साराभाई ह्यांचे नाव देण्यात आले. परदेशी फोन लावणाऱ्याचा आवाज आता पुणे जिल्ह्यातल्या शेतशिवारावरून आकाशात जाऊ लागला, पण आर्वीच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरलाच.

साराभाईंच्या विचारात ह्या प्रश्नाला स्थान होते. त्यातूनच १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात ‘साइट’ ह्या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. इथे तबकडी तीन मीटरची, जाळीची, खेड्यातच उभारता येण्याजोगी होती. उपग्रह जितका बलवान तितकी जमिनीवरची डिश लहान, हे सूत्र दुर्गम भागाच्या बाजूने वापरले गेले. क्लार्क ह्यांच्या कोलंबोतील घरीही भारतीय अभियंत्यांनी अशी एक तबकडी बसवून दिली होती. मात्र ‘साइट’मध्ये संवाद एकाच दिशेने होता. खेड्याने ऐकायचे, बोलायचे नाही. दुर्गम भाग श्रोता झाला, वक्ता झाला नाही.

बोलण्याची सोय प्रथम झाली ती समुद्रावरच्या जहाजांसाठी. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्मारसॅट’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेची यंत्रे आधी जहाजांवर बसली आणि पुढे पेटीत मावू लागली. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडत असताना पीटर आर्नेट अशाच उपग्रह-फोनवरून बातम्या देत होते. युद्धवार्ताहराचे लेखन ‘घडले’ ह्या भूतकाळातून ‘घडत आहे’ ह्या वर्तमानकाळात सरकले ते ह्याच सुमारास. १ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘इरिडियम’ने हातात मावणाऱ्या फोनची सेवा सुरू केली. सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरणारे ६६ उपग्रह आणि सुमारे पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक, एवढा तिचा पसारा होता. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. शहरात स्वस्त मोबाइल आला होता, आणि शहराबाहेर हा महाग फोन परवडेल असे लोक थोडे होते. पुढे केवळ अडीच कोटी डॉलरमध्ये ही सारी व्यवस्था विकली गेली. दुर्गम भागाची गरज मोठी, पण तिथल्या माणसाची ऐपत लहान, हे ह्या व्यवसायाचे मूळ दुखणे ‘इरिडियम’च्या कहाणीत स्वच्छ दिसते. त्यानंतर २००५ च्या अखेरीस ‘इन्मारसॅट’ची लॅपटॉपएवढी पाटी आली आणि तंबूत बसून इंटरनेट वापरणे शक्य झाले. तेही पत्रकार, मदतपथके आणि श्रीमंत मोहिमांपुरते.

ह्या दरम्यानची एक घटना विसरता येत नाही. १० मे १९९६ च्या वादळात एव्हरेस्टच्या दक्षिण शिखराजवळ मार्गदर्शक रॉब हॉल अडकून पडले. तळावरच्या सहकाऱ्यांनी त्यांचा रेडिओ उपग्रह-फोनला जोडून दिला आणि न्यूझीलंडमधील गर्भवती पत्नीशी ते बोलू शकले. बोलणे झाले, सुटका झाली नाही. स्कॉट आणि हॉल ह्यांच्यामध्ये चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. एकाचे शब्द त्याच्या कुटुंबाला वर्षानंतर मिळाले, दुसऱ्याचे त्याच क्षणी. तरी बर्फ आणि माणूस ह्यांच्यातील नाते तेच राहिले. संपर्क म्हणजे सुटका नव्हे, हा धडा तंत्रज्ञानाच्या जाहिरातींत सापडत नाही म्हणून इथे मुद्दाम नोंदवला.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. मे २०१९ मध्ये ‘स्टारलिंक’चे पहिले साठ उपग्रह एकत्र सोडले गेले. आज त्यांची संख्या हजारोंत आहे. ते साधारण ५५० किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे भूस्थिर उपग्रहाच्या मानाने पासष्टपट जवळ. ह्याचा परिणाम बोलण्यावर होतो. भूस्थिर उपग्रहामार्गे प्रश्न जाऊन उत्तर यायला निदान अर्धा सेकंद लागतो. हा थांबा संभाषणात खटकतो, माणसे एकमेकांवर बोलू लागतात. जवळच्या उपग्रहांमुळे तो सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. मात्र जवळचा उपग्रह स्थिर भासत नाही. तो सुमारे दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि आपल्या आकाशात काही मिनिटेच राहतो. त्याचा पाठलाग करायला डिश फिरवत बसावे लागू नये म्हणून सपाट पाटीत शेकडो सूक्ष्म अँटेना बसवलेल्या असतात. त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे करून पाटी न हलवता तिचा ‘रोख’ बदलता येतो. एक उपग्रह मावळतीला गेला की दुसरा धरला जातो.

२०२२ पासून ही सेवा प्रवासी गाड्यांतून फिरणाऱ्यांसाठी मिळू लागली आणि २०२४ मध्ये मोठ्या वहीएवढी छोटी पाटी आली. तिला साधारण २५ ते ४० वॅट वीज लागते. ३०० वॅट-तासांची बॅटरी सोबत असली तर ती आठ-दहा तास चालू शकते. पण तिच्या डोक्यावर आकाश मोकळे हवे. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत तंबू असेल तर संपर्क तुटत राहतो. म्हणजे ज्या सावलीसाठी आपण रानात जातो तीच यंत्राला अडचण होते. मुक्कामाची जागा निवडताना पूर्वी पाणी आणि आडोसा पाहत, आता त्यात आकाशाची भर पडली आहे. ज्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा लेख आहे तिथून वर येणारा व्यापाऱ्यांचा तांडा पाणी आणि छप्पर पाहूनच विसावत असणार.

इथे निसर्गात एकांत शोधणारा वाचक म्हणेल की मग रानात जायचेच कशाला? हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. कारण एकांत निवडणारा आणि एकांत वाट्याला आलेला, ही दोन वेगळी माणसे आहेत. ब्राझीलमधील जावारी खोऱ्यात राहणाऱ्या सुमारे दोन हजार मारुबो लोकांचे उदाहरण ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. अॅमेझॉनच्या अरण्यातील त्यांची गावे नदीकाठी दूरदूर विखुरलेली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे दान म्हणून मिळालेल्या ‘स्टारलिंक’च्या डिश आल्या. साप चावलेल्या माणसासाठी तत्काळ मदत मागता येऊ लागली, दूरच्या नातलगांशी बोलता येऊ लागले. त्याबरोबर मुले फोनमध्ये गुंतू लागली आणि वडीलधाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. तेव्हा गावच्या नेत्यांनी इंटरनेटला वेळ ठरवून दिली : सकाळी दोन तास, संध्याकाळी पाच तास आणि रविवारी दिवसभर. यंत्राला पूर्ण शरण जाणे किंवा ते फेकून देणे ह्यांच्यामधला हा मार्ग त्यांनी स्वतः काढला होता.

जून २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ह्यावर दीर्घ वृत्तांत छापला. त्यातील एका नेत्याच्या काळजीचे वाक्य उचलून जगभरातल्या शंभराहून अधिक संकेतस्थळांनी ही जमात अश्लील चित्रफितींच्या आहारी गेल्याचे मथळे दिले. असे काही वृत्तांतात म्हटलेले नाही, हे त्या वृत्तपत्राला पुन्हा लेख लिहून स्पष्ट करावे लागले. २०२५ मध्ये मारुबोंनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात मूळ वृत्तपत्रासह इतरांवर बदनामीचा दावा दाखल केला, आणि वृत्तपत्राने आरोप नाकारला. एव्हरेस्टच्या हलकाऱ्याचे नाव पुस्तकांनी गाळले होते. मारुबोंच्या बाबतीत नाव राहिले, कथा मात्र दुसऱ्यांनी सांगितली. फरक एवढाच की ह्या वेळी ती कथा त्यांच्यापर्यंतही त्याच डिशमधून पोचली आणि तिला उत्तर देणे त्यांना शक्य झाले. स्कॉट ह्यांच्या तंबूत प्रत्युत्तराची शक्यता नव्हती, ‘साइट’च्या खेड्यांनाही नव्हती. मारुबोंना ती मिळाली. दुर्गमता संपण्याचा अर्थ मला इथे दिसतो. निरोप लवकर मिळणे हा त्याचा अर्धा भाग, आपल्याविषयी जे बोलले जाते त्याला उत्तर देता येणे हा उरलेला अर्धा.

अर्थात हे उत्तर ज्या वाटेने जाते तिची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. २०२२ मध्ये क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती इलॉन मस्क ह्यांनी नाकारली, आणि तसे स्वतः सांगितले. तारघर १८५७ मध्ये कंपनी सरकारच्या हाती होते. आज आकाशातले तारघर पुन्हा एका कंपनीच्या हाती आहे. दुसऱ्या बाजूला शासनाची भीतीही निराधार नाही. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात समुद्रमार्गे आलेल्या अतिरेक्यांकडे उपग्रह-फोन होता. परवानगीवाचून असा फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे, आणि ते ठाऊक नसलेल्या परदेशी प्रवाशांना विमानतळांवर ताब्यात घेतले गेल्याचे प्रसंग घडले आहेत. परदेशातली डिश आणून सह्याद्रीत लावण्याचा विचार करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. ‘स्टारलिंक’ला भारतात दूरसंचार परवाना मिळाला तो जून २०२५ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव ह्या जिल्ह्यांची नावे आहेत. धडगाव किंवा भामरागडच्या आश्रमशाळेत डिश लागली तर तिचा उपयोग कोणत्या दिशेने होईल? राजधानीतले धडे ऐकण्यासाठी, की तिथली भिल्ली, पावरी किंवा माडिया बोलणारी मुले स्वतः काही सांगतील त्यासाठीही? ‘साइट’ने अर्धवट सोडलेला प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा आपल्यापुढे आहे. तो केवळ अभियंत्यांचा नाही, भाषेच्या अध्यापकांचाही आहे.

जुन्नर तालुक्यातच आर्वीप्रमाणे खोडद हे गाव आहे. तिथे आणि भोवतालच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. ही गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून साकारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. ती काही बोलत नाही, केवळ ऐकते. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ऐकायला रेडिओ-गोंगाट कमी असलेली जागा हवी, म्हणून खोडद निवडले गेले. नव्या उपग्रहांतून अशा लहरींच्या पट्ट्यात अनाहूत गळती होत असल्याचे युरोपातील खगोलशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. आर्वी आणि खोडद, एक बोलण्यासाठी आणि एक ऐकण्यासाठी. तालुका एकच. तंबूत डिश लावणाऱ्या प्रवाशाला बटण बंद करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि ते त्याने अधूनमधून वापरावे. अरण्यात जन्मलेल्या माणसाला मात्र आधी बटण चालू करण्याचे स्वातंत्र्य मिळायला हवे. ते कधी बंद करायचे, हे मारुबोंनी ठरवले तसे त्याचे तो ठरवील.